सहा पाण्यांचा हॅम

चार्टबाईंचं खरं नाव शीतगृहाच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळे, म्हणजे मुकादम, ट्रकवाले, समोरच्या बेकरीतले लोक आणि अलीकडे सासरेसुद्धा, त्यांना चार्टबाईच म्हणत. काम म्हणाल तर सोपं. शीतगृहात अकरा खोल्या. दर दोन तासांनी प्रत्येक खोलीचं तापमान बघायचं, दारावरच्या तक्त्यात लिहायचं, पुढे सही करायची. आकडा शून्य ते चारच्या आत असला तर पुढच्या खोलीत जायचं, बाहेर गेला तर कोणावर तरी ओरडायचं. सत्तावीस वर्षं त्या हे करत होत्या. तेवढ्या काळात त्यांनी जाड कोट तीनदा बदलला आणि मत एकदाही नाही.

मत असं होतं की जीभ, नाक आणि ‘मला वाटतं’ या तीन गोष्टींवर खाण्याचं सोपवू नये. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तेव्हाच्या मुकादमाने माशांच्या एका खोक्याचा वास घेतला, ‘फर्स्ट क्लास आहे’ म्हणाला आणि पैजेवर एक तुकडा तळून खाल्ला. तो नऊ दिवस दवाखान्यात होता. परत आला तेव्हाही मासा फर्स्ट क्लासच होता असं म्हणत होता. त्या दिवसापासून चार्टबाई चाखत नाहीत, मोजतात. घरी त्यांच्या हातचं जेवण चांगलं असे, पण ते कसं झालंय हे त्यांना इतरांच्या तोंडून कळे.

त्यांचे यजमान बसडेपोत टाइमकीपर. कुठली गाडी किती वाजता सुटली हे लिहायचं त्यांचं काम. हे काम ते सकाळी सहाला, चहासोबत, दुपारपर्यंतचं एकदम उरकत. “आठची गाडी आठला सुटणार. मग आठला लिहायला बसलो तर गाडीकडे बघणार कोण?” असा त्यांचा बिनतोड सवाल असे. एखादी गाडी नाहीच सुटली तर नंतर काट मारायची. एकोणतीस वर्षांत काट फार वेळा मारावी लागली नाही याचा त्यांना अभिमान होता.

तर बाईंची सही म्हणजे ‘झालं’ आणि यजमानांची सही म्हणजे ‘होणार आहे’. दोघं चोवीस वर्षं एका घरात राहत होते आणि हा फरक कोणाच्या लक्षात आला नव्हता. लक्षात यायची वेळच आली नव्हती.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे. वय एक्क्याऐंशी. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांच्या हातच्या चार पाट्या अजून त्याच रस्त्यावर होत्या आणि रोज सकाळी काठी घेऊन ते त्यांची हजेरी घेऊन येत. हृदय थकलेलं होतं. अंगात पाणी साठायचं, पाय सुजायचे, आडवं झालं की दम लागायचा. जानेवारीपासून दोनदा ॲडमिट झाले होते. डॉक्टरांचा नियम ठरलेला: रोज सकाळी चहाच्या आधी वजन करायचं, आणि तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर विचार न करता दवाखान्यात आणायचं. मीठ जवळजवळ बंद. वजनाचा तक्ता अर्थातच फ्रिजवर होता. सासरे वजनकाट्याला ‘इन्स्पेक्टर’ म्हणत आणि त्यावर चढताना सलाम ठोकत.

दुसऱ्या ॲडमिशननंतर नणंदेने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, “दादा, हे दोनदा झालं. तिसऱ्यांदा झालं की मी बाबांना घेऊन जाणार. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. बाबांकडे बघतो कोण? फ्रिज?”

नणंद सहा तासांच्या अंतरावर राहत होती, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. सासरे तिथे एकदा वर चढले तर खाली येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना जायचं नव्हतं. टाइमकीपरांना बापाला पाठवायचं नव्हतं, पण बहिणीपुढे त्यांचं तोंड उघडत नसे. चार्टबाईंना काय हवं होतं हे कोणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती.

हॅमची कल्पना सासऱ्यांची. अख्खा, हाडासकट, घरी शिजवलेला हॅम घरात शेवटचा झाला तो सासूबाई होत्या तेव्हा. लेक रविवारी येणार म्हटल्यावर त्यांनी तीन दिवस एकच विषय लावून धरला.

“बाबा, हॅम म्हणजे मिठात मुरवलेली डुकराची मांडी. तुम्हाला मीठ बंद आहे,” चार्टबाई म्हणाल्या.

“मी मांडी मागतोय, मीठ नाही. मीठ तू काढून घे.”

त्यावर हसून विषय सोडून देणं कोणालाही जमलं असतं. चार्टबाईंनी डॉक्टरांना विचारलं, आणि उत्तर कागदावर लिहून आणलं: भरपूर भिजवून, पाणी पुन्हा पुन्हा बदलून, पूर्ण शिजवल्यावर मधल्या भागाची दोन पातळ कापं, एकदाच. ‘भरपूर’ या शब्दावर त्यांचा आक्षेप होता. त्यांनी खाटकाला विचारलं, शीतगृहातल्या मांसाच्या व्यापाऱ्याला विचारलं आणि हिशेब मांडला. सात किलोंचा हॅम, छत्तीस तास गार पाण्यात, पाणी सहा वेळा बदलायचं. शुक्रवारी संध्याकाळी खाटकाकडून नडगीचं टोक करवतीने कापून घेतलं, नाहीतर ओव्हनचं दार लागलं नसतं. मग मोठ्या टबात मांडी बुडवली, वर बर्फ टाकला आणि फ्रिजवर दुसरा तक्ता लागला. सहा ओळी, सहा वेळा, सहा सह्यांच्या जागा.

पहिली दोन पाणी बाईंनी बदलली. शनिवारी त्यांची ड्यूटी होती आणि यजमानांची सुट्टी. दहा, एक आणि चार वाजताची पाणी यजमानांची. आठचं पुन्हा बाईंचं.

“जमेल ना? उचलायला जड आहे.”

“अगं, मी रोज साठ गाड्या सोडतो. एक मांडी नाही उचलणार?”

“गाड्या तुम्ही उचलत नाही.”

“जा तू. बस चुकेल.”

शनिवारी सकाळी साडेनऊला टाइमकीपरांनी चहा घेतला, पेन काढलं, आणि दहा, एक, चार अशा तिन्ही ओळींपुढे सही केली. त्यात लबाडी नव्हती. पाणी बदलणारच होते. दहाला ते टबाकडे गेले, वाकले आणि कंबरेतून एक कळ अशी आली की मांडी टबातच राहिली आणि ते कसेबसे पलंगावर पोचले. जरा बरं वाटलं की एकाचं बदलू, असं ठरवून झोपले. एकाला उठून सासऱ्यांना जेवायला वाढलं आणि स्वतः जेवून पुन्हा पडले. चारला आठवण झाली. मग त्यांनी मनाशी विचार केला की ही आता साडेचारला येईलच, पाणी तर स्वच्छ दिसतंय, आणि तक्ता भरलेला आहे.

काट मारायची राहून गेली.

रात्री आठच्या पाण्याला बाईंनी मांडी उचलली तेव्हा पाणी बोटांना जरा बुळबुळीत लागलं. मीठ छान सुटतंय, असं त्यांना वाटलं. हे ‘वाटणं’ त्यांच्या आयुष्यातलं दुर्मीळ म्हणावं लागेल. शीतगृहात कोणी तीन सह्या एका दमात ठोकल्या तर त्या शाईवरून ओळखत, अक्षराच्या तिरकेपणावरून ओळखत. दोन माणसांच्या नोकऱ्या त्यांच्या या नजरेने गेल्या होत्या. पण घरच्या माणसाचा तक्ता कोणी तपासत नाही.

रविवारी सातला हॅम चुलीवर चढला. मोठं पातेलं, कांदा, गाजर, तमालपत्र, मिरी. पाणी नुसतं हललं पाहिजे, उकळता कामा नये. किलोमागे चाळीस मिनिटं. बाई थर्मामीटर घेऊन उभ्या. सासरे स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसले होते.

“तुझी सासू अर्ध्या तासाने पाणी चाखायची,” ते म्हणाले. “खारट लागलं की ओतून टाकायची, दुसरं घालायची.”

“सहा पाणी झालीत, बाबा. छत्तीस तास.”

“ती तरी चाखायची.”

“जिभेची नोंद राहत नाही.”

“म्हणून तर ती कधी कोणाच्या हातात सापडली नाही,” सासरे म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

नणंद अकरा वाजता आली. हातात स्वतःची छोटी पिशवी आणि दुसरी एक मोठी, रिकामी. त्या रिकाम्या पिशवीबद्दल कोणी काही विचारलं नाही. तिने बापाच्या घोट्यावर अंगठा दाबून बघितला, खड्डा पडत नाही याची खात्री केली, वजनाचा तक्ता वाचला. त्या सकाळी एकसष्ट किलो दोनशे.

“ठीक आहे,” ती म्हणाली. तिच्या तोंडून हे ऐकून टाइमकीपरांनी श्वास सोडला.

बाराला हॅम पातेल्यातून निघाला. आतलं तापमान सत्तरच्या वर. बाईंनी वरची कातडी सोलली, चरबीवर सुरीने चौकटी पाडल्या, मोहरीची पेस्ट आणि गूळ चोपडला, चौकटीचौकटीत लवंग टोचली आणि मांडी ओव्हनमध्ये सरकवली. चाळीस मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा चौघंही स्वयंपाकघरात गोळा झाले होते. रंग जुन्या शिसवी कपाटासारखा. सासऱ्यांनी टोपी काढली.

“वीस मिनिटं कोणी हात लावायचा नाही,” बाईंनी सांगितलं आणि त्या बाहेरच्या खोलीत टेबल मांडायला गेल्या.

हा हुकूम नणंदेला नव्हता असं नणंदेला वाटलं. ती लहान असताना हॅम झाला की कडेचा करपलेला, करकरीत तुकडा बाबा कापून तिला देत, आईचं लक्ष नसताना. आज तिने सुरी घेतली आणि तोच तुकडा कापून बापाच्या हातात ठेवला. मग आणखी एक. कडेचा भाग सगळ्यात आधी मिठात बुडतो आणि सगळ्यात शेवटी त्यातून सुटतो, हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

बाई परत आल्या, मांडी फिरवली आणि मधोमध पहिलं काप काढलं. एवढं एकच काप त्या चाखत असत. कापून झालेल्या, आता ज्यात काही बदल होणार नाही अशा पदार्थाचं एक काप. त्यांनी ते तोंडात घातलं.

मग त्यांनी सुरी खाली ठेवली.

मागून चघळण्याचा आवाज येत होता. त्या वळल्या. सासरे स्टुलावर बसून, डोळे मिटून, पाचवा तुकडा खात होते.

“बाबा, थुंका.”

“काय?”

“थुंका म्हणते ना. किती खाल्लेत?”

“मोजले नाहीत,” सासरे घाबरून म्हणाले. “हिने दिले.”

“वहिनी, झालंय काय?” नणंदेच्या हातात सुरी तशीच होती.

“मीठ निघालेलं नाही.”

नणंदेने एक तुकडा तोंडात टाकला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. “हे? हे बाबांना द्यायचं होतं तुम्हाला? किती वेळा पाणी बदललंत?”

चार्टबाईंनी फ्रिजकडे पाहिलं. सहा ओळी, सहा सह्या. आणि आता, सत्तावीस तासांनंतर, त्यांना तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या सहीची शाई दिसली. एकच निळी, एकच तिरकेपणा, पाचवीच्या शेवटी पेन उचलताना मारलेला तोच घाईचा फराटा. दारात यजमान उभे होते. ते फ्रिजकडे बघत नव्हते.

“चार्टवर सहा आहेत,” बाई म्हणाल्या.

हे खरं होतं. चार्टवर सहाच होत्या.

“मग तुमचा चार्ट चाटा,” नणंद म्हणाली. “मी इथून हलत नाही. बुधवारपर्यंत. दोन किलो झालं की दवाखाना, आणि दवाखान्यातून थेट माझ्या घरी.”

बाईंनी हृदयविभागातल्या सिस्टरला फोन लावला आणि पाच तुकडे, कडेचे, अंदाजे सत्तर ग्रॅम, असं न चाचरता सांगितलं. सिस्टर म्हणाली, पाणी मोजून द्या, मीठ पूर्ण बंद, वजन बघा, आडवं होऊन दम लागला तर वाट बघू नका. त्या दुपारी टेबलावर चौघांनी उकडलेले बटाटे खाल्ले. मधोमध सात किलोंचा हॅम लवंगा टोचून बसला होता.

सोमवारी सकाळी साडेसहाला सासरे काट्यावर चढले. सलाम ठोकला नाही. नणंद एका बाजूला, बाई दुसऱ्या बाजूला, यजमान दारात.

बासष्ट.

“आठशे ग्रॅम,” नणंद म्हणाली.

बाईंनी आकडा लिहिला आणि सही केली.

यजमान कंबरेमुळे घरीच होते; बाईंनीही दोन दिवसांची रजा टाकली. सत्तावीस वर्षांतली ही किती नंबरची, हे शीतगृहातही कोणाला सांगता आलं नाही. घरात एवढा हॅम होता आणि तो टाकून देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी त्याची पातळ कापं दुधात दोन तास भिजवली, दूध ओतून दिलं, मग बटाट्याच्या चकत्यांमध्ये थर लावून ओव्हनमध्ये घातली, वरून मीठ नाही. यजमान आणि नणंद तेच जेवले, एकमेकांशी न बोलता. बाबांच्या वाटणीला साधा बटाटा आणि हॅमचा वास. वासात मीठ नसतं, हे बाईंनी सिस्टरला विचारून घेतलं होतं. सिस्टरला वाटलं बाई थट्टा करतायत.

“यापेक्षा मला दवाखान्यात टाका,” सासरे बटाट्याकडे बघत म्हणाले. “तिथे निदान वास तरी चांगला नसतो.”

“टाकायचीच वेळ येणार आहे,” लेक म्हणाली.

“तू गप्प बस. तूच दिलेस तुकडे.”

नणंद उठून बाल्कनीत गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज तसाच. “मी दिले. पण मी काय समजून दिले? वहिनींनी मीठ काढलंय, असं समजून.”

यजमानांनी यावर बशीतला शेवटचा बटाट्याचा तुकडा काट्याने तीनदा उलटा केला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ज्या गोष्टीने शीतगृहात दोन माणसांची नोकरी गेली होती, तीच गोष्ट त्यांच्या फ्रिजवर लोहचुंबकाखाली लटकत होती, आणि त्यांनी ती काढली नव्हती, कोणाला दाखवलीही नव्हती. दाखवली तर नणंद म्हणणार, या घरातली तर सहीसुद्धा खरी नाही, चला बाबा. नाही दाखवली तर बाईंना नुसता स्वयंपाक येत नाही, एवढंच होत होतं. दोन्हीतून कमी नुकसानीचं त्यांनी निवडलं होतं. रात्री सासऱ्यांनी दोनऐवजी तीन उशा मागितल्या, हे तिघांनीही ऐकलं.

मंगळवारी साडेसहा. सासरे चप्पल काढून, मग चष्माही काढून काट्यावर चढले.

“चष्म्याने काय होणार आहे?” लेक म्हणाली.

“आकडा दिसणार नाही.”

इतरांना दिसला. बासष्ट नऊशे.

एक किलो सातशे. दोनाला तीनशे ग्रॅम कमी. नणंदेने वाकून बापाच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. ती आतल्या खोलीत गेली आणि बापाचं कपाट उघडल्याचा आवाज आला. शर्ट, गोळ्यांचा डबा, स्वेटर, सगळं त्या मोठ्या पिशवीत जाऊ लागलं. दवाखान्यात जायचं असो नाहीतर तिच्याकडे, पिशवी एकच.

“वहिनींना मी दोष देत नाही,” ती आतून म्हणाली, आणि हे वाक्य ज्या पद्धतीने म्हटलं जातं त्याच पद्धतीने तिने ते म्हटलं. “सगळ्यांना सगळं जमत नाही.”

तेव्हा दारातून टाइमकीपर बोलले. “पाणी मी बदललं नाही.”

कपाटाचा आवाज थांबला.

“दहाचं, एकचं आणि चारचं. सह्या आधीच करून ठेवल्या होत्या. कंबर धरली, मग राहिलं. हिला ठाऊक नव्हतं. म्हणजे, रविवारी कळलं हिला. बोलली नाही.”

नणंद बाहेर आली. हातात बापाचा एक मोजा. तिने फ्रिजवरचा कागद ओढून काढला, बघितला. मग भावाकडे बघितलं, मग वहिनीकडे.

“दोन दिवस मी तुम्हाला बोलतेय. दोन दिवस. तुम्ही ऐकून घेतलंत?”

“सहीवर विश्वास मी ठेवला,” बाई म्हणाल्या. “तपासायचं काम माझं होतं. पाणी चाखायचंही. बाबांनी सांगितलं होतं.”

“दादा, तुला लाज वाटायला हवी.”

“वाटतेय,” टाइमकीपर म्हणाले. “रविवारपासून वाटतेय. आज सांगायला जमलं.”

“भांडा नंतर,” काट्यावर अजून उभे असलेले सासरे म्हणाले. “मला उतरू का?”

बाईंनी सिस्टरला फोन लावला. डॉक्टरांना विचारून सिस्टरने दहा मिनिटांनी उलट फोन केला. पाणी काढणारी गोळी आज दोनदा. बसून श्वास नीट आहे ना? मग उद्या सकाळचा आकडा कळवा. उतरला नाही तर लगेच या, आणि त्याआधी जराही दम वाढला तर आजच या.

तो दिवस घरात कोणी विसरणार नाही. सासरे अकरा वेळा बाथरूमला गेले. प्रत्येक वेळी दार उघडलं की तिघं माना वळवत, आणि सासरे “चालू आहे, चालू आहे” असं बसस्टँडच्या घोषणेसारखं सांगत जात. मधल्या वेळात बाईंनी हॅमचं हाड मोठ्या पातेल्यात वाटाण्यांबरोबर उकळायला ठेवलं. आता त्या दर वीस मिनिटांनी चमचा बुडवत होत्या आणि चाखत होत्या. पहिल्या दोन वेळा पाणी ओतून दिलं. तिसऱ्यांदा चमचा नणंदेपुढे धरला.

“मला सवय नाही,” बाई म्हणाल्या. “बघा तुम्ही.”

नणंदेने चाखलं. “अजून थोडं पाणी.”

दोघी शेजारी उभ्या होत्या. पातेल्यात वाटाणे फुटत होते. संध्याकाळी उरलेले मांसाचे बारीक तुकडे अंड्यात घालून तिघं भाकरीसारखं जाड ऑम्लेट खात असताना आतून सासऱ्यांचा आवाज आला की उशा दोनच पुरतील. नणंदेने स्वतःच्या बशीतलं अर्धं ऑम्लेट भावाच्या बशीत टाकलं. तिने त्याच्याशी बोलणं अजून सुरू केलेलं नव्हतं.

बुधवारी साडेसहा. सासऱ्यांनी चष्मा घातला होता.

एकसष्ट आठशे.

बाईंनी लिहायला पेन उचललं आणि त्यांना तक्त्यातली ओळ सापडेना. नणंदेने बोट ठेवून दाखवली.

चहा झाला. पिशवी अजून दारात होती, भरलेली. अकराची बस होती.

“आकडा उतरला, चांगलं झालं,” नणंद म्हणाली, “पण मला झोप लागणार नाही तिथे. तुम्ही दोघं कामावर. बाबा एकटे. आज मीठ, उद्या आणखी काही. मी नेतेच.”

“मला विचारतंय का कोणी?” सासरे म्हणाले.

“तुम्हाला विचारलं तर तुम्ही हॅम मागाल.”

टाइमकीपरांनी तोंड उघडलं आणि बहिणीकडे बघून मिटलं.

“वहिनी,” नणंद म्हणाली, “आज तरी बोला. खरं सांगा. गोळ्या, वजन, पाणी मोजणं, दवाखाना. नको झालंय ना तुम्हाला? झालं असेल तर त्यात काही वाईट नाही. मला सांगून टाका, म्हणजे मलाही न्यायला बरं वाटेल.”

“जानेवारीत वजन एकोणसाठ होतं,” बाईंनी सुरुवात केली. “फेब्रुवारीत साठ चारशे, त्यानंतर...”

“आकडे नकोत.”

बाई थांबल्या. आकडे नकोत म्हटल्यावर त्यांच्याकडे फार काही उरत नसे. त्यांनी कपबशा एकात एक ठेवल्या, परत वेगळ्या केल्या.

“ते इथेच राहावेत,” त्या म्हणाल्या.

“का?”

“मी संध्याकाळी येते ना घरी. आल्यावर विचारतात, आज सात नंबरच्या खोलीत किती होतं. सात नंबरचं मशीन जुनं आहे. ते कधी बिघडतं हे त्यांना माहीत आहे. मी सांगते, तीन पॉइंट दोन. मग ते म्हणतात, वाचली बया आज.” बाईंचा आवाज जरा हलला, त्यांनी तो जागेवर आणला. “सत्तावीस वर्षांत हे दुसऱ्या कोणी विचारलं नाही मला.”

टाइमकीपर खिडकीबाहेर बघू लागले. सासरे काठीच्या मुठीकडे.

नणंद दाराशी गेली. मग खाली बसून तिने पिशवीची चेन उघडली. गोळ्यांचा डबा काढून टेबलावर ठेवला. शर्ट काढले, स्वेटर काढला, एक मोजा काढला आणि दुसरा कुठे गेला म्हणून शोधत बसली.

“दुपारच्या वेळी कोणीतरी बाई लावा,” ती मोजा शोधत म्हणाली. “दादाच्या सुट्टीच्या दिवशी दोन बायका लावा. आणि रोज सात वाजता मला फोन. आकडा तुम्ही सांगायचा, वहिनी. हा नाही.”

“सातला,” बाई म्हणाल्या.

“आणि हे उरलेलं मी घेऊन जाते. घरात राहिलं तर बाबा पोचणार त्याच्यापर्यंत.”

फ्रिजमधून अडीच किलो हॅम निघाला, तीन पुड्यांत बांधलेला. बाईंनी प्रत्येकावर तारीख लिहिली. तो रिकाम्या झालेल्या पिशवीत बसला. टाइमकीपरांनी एका हाताने कंबर धरून दुसऱ्या हाताने पिशवी उचलली आणि बहिणीमागून जिना उतरले. खाली पोचेपर्यंत ती त्यांना काहीतरी ऐकवत होती, म्हणजे बोलणं सुरू झालं होतं.

सासरे खिडकीशी जाऊन ती पिशवी कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

“गेला,” ते म्हणाले. “आज जेवायला काय?”

“बटाटा.”

“आणि?”

“आणखी एक बटाटा,” बाई म्हणाल्या, आणि कोट घालून कामावर निघाल्या. अर्ध्या दिवसाची रजा होती, दहा मिनिटं उशीर झालाच होता.